ब्राझील डोक्यात राहतच नाही!

पत्र

आदरणीय बाई,
मी बार्शीत मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. सहामाहीत बाकी विषयांत बरे मार्क पडले, पण भूगोलात ४० पैकी १९. आमच्याकडे धडा वाचून होतो, मग स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहून देतात. आमचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोनच देशांची तुलना करतं. उत्तरं मी पाठ करते, पण पेपरात भारताचं ब्राझीलला आणि ब्राझीलचं भारताला जातं. गंमत म्हणजे मला नकाशे बघायला फार आवडतात. ॲटलास घेऊन मी तासन् तास बसू शकते. बाबा म्हणतात, चाळीस मार्कांच्या विषयात एवढा वेळ घालवू नकोस, अकरावीला सायन्सच घ्यायचंय. मामा म्हणतो, भूगोल घेऊन फार तर मास्तरीण होशील. मला हा विषय आवडतो की नाही, हेच कळेनासं झालंय. काय करू?
– दहावीची एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर

प्रिय बाळ,

ॲटलास घेऊन तासन् तास बसणारी मुलगी भूगोलात १९ वर अडकते, यात दोष तुझ्या स्मरणशक्तीचा नाही. विषय तुला आवडतो, हे तुझ्या पत्रातच लिहिलेलं आहे. आवडत नाहीत ती फळ्यावरची उत्तरं. ती मलाही कधी आवडली नाहीत. तुमच्या बाईंवर मात्र रागावू नकोस. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, आठवड्याला मोजके तास आणि ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात भूगोल, अशी पद्धत बऱ्याच शाळांत आहे. त्यात कोणीही फळ्याचाच आधार घेईल.

तर सगळ्यात आधी पुस्तकाची अनुक्रमणिका काढ. क्षेत्रभेटीचा पहिला धडा सोडला, तर पुढचा क्रम असा आहे: स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना व जलप्रणाली, हवामान, वनस्पती व प्राणी, लोकसंख्या, मानवी वस्ती, अर्थव्यवस्था, आणि शेवटी पर्यटन-वाहतूक. हा क्रम सहज लावलेला नाही. देश पृथ्वीवर कुठे आहे आणि त्याची जमीन कशी आहे, यावरून त्याचं हवामान ठरतं. हवामानावरून जंगल, पाणी आणि पीक. पीक-पाण्यावरून माणसं कुठे दाटीने राहणार आणि काय करून पोट भरणार, ते बऱ्याच अंशी ठरतं. तू प्रत्येक धडा सुटा पाठ करतेस, म्हणून पुढचा धडा डोक्यात शिरला की मागचा बाहेर पडतो. धडा संपला की स्वतःला एकच विचार, ‘मग पुढे काय झालं?’ बहुतेक वेळा उत्तर पुढच्याच धड्यात असतं.

आता ब्राझील थोडा वेळ बाजूला ठेवू आणि बार्शीला येऊ.

जूनमध्ये नैऋत्येकडून मोसमी वारे येतात. अरबी समुद्रावरचं बाष्प त्यांच्यात भरलेलं असतं. कोकण ओलांडलं की सह्याद्री आडवा येतो, वारे वर चढतात, थंड होतात आणि पश्चिमेच्या बाजूला मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो यामुळेच. घाट उतरून वारे तुमच्याकडे पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे-सहाशेच्या आसपास, आणि त्यातही भरवशाचा पाऊस बराचसा सप्टेंबरमधला. तुमची काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस सरता सरता पेरलेली ज्वारी थंडीत त्या ओलीवर उभी राहते. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा का, हे तुला कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. तुझ्या ताटातली भाकरी तुला लहानपणापासून हेच सांगते आहे. बार्शीच्या बाजारात तूर आणि डाळ का इतकी, हेही याच साखळीत शोध. मी सांगत नाही.

एवढं पक्कं झालं की ॲटलास उघड आणि दक्षिण अमेरिकेच्या पानावर जा. ब्राझीलला समुद्र पूर्वेला आहे, अटलांटिक. वारेही तिकडूनच येतात, आग्नेयेकडून आणि ईशान्येकडून. किनाऱ्याला लागून उच्चभूमीची जी कड उभी आहे तिलाच तुमच्या पुस्तकात अजस्र कडा म्हटलंय. साओ पावलो ते पोर्तो अलेग्रेच्या पट्ट्यात ती आठशे मीटरच्या आसपास उंच आहे. वारे तिला अडतात, किनाऱ्याच्या अंगाला पाऊस पडतो आणि पलीकडे पाऊस कमी होत जातो. ईशान्येकडच्या उच्चभूमीत तर इतका कमी, की त्या भागाला नावच पडलं अवर्षण चतुष्कोन. म्हणजे गोष्ट तीच आहे, फक्त दिशा उलट. आपल्याकडे पश्चिमेचा वारा आणि सह्याद्री, तिथे पूर्वेचा वारा आणि अजस्र कडा. तुझा दुष्काळी माण-सांगोला तिथे आतल्या बाजूला आहे म्हणेनास!

पण साम्य ताणू नकोस, परीक्षक नेमका तिथे पकडतो. आपला पाऊस चार महिन्यांचा पाहुणा आहे, वारे ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. ब्राझीलवर येणारे पूर्वीय वारे वर्षभर वाहतात. शिवाय ॲमेझॉनच्या खोऱ्यात जो पाऊस पडतो, तो डोंगर आडवा येतो म्हणून नव्हे. तिथे विषुववृत्ताजवळची उष्णता, दमट हवा वर चढते आणि बहुतेक दुपारी कोसळते. आरोह पाऊस (हवा तापून वर चढल्याने पडणारा) आणि प्रतिरोध पाऊस (डोंगराला अडून पडणारा) यांतला फरक तुला व्याख्येपेक्षा या दोन जागांवरून जास्त लवकर कळेल.

नद्यांचंही तसंच बघ. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून फार तर ६५ किलोमीटरवर. तरी तिकडे पाठ फिरवून साधारण १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते, कारण दख्खनचं पठार पूर्वेकडे उतरतं. तुमच्या तालुक्यातलं पाणीही सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत याच वाटेने जातं. आता साओ पावलोजवळ बोट ठेव. तिथली तिएते नदी समुद्रापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे न जाता आतल्या बाजूला निघते. पुढे पाराना नदीला मिळते आणि शेवटी ते पाणी पार अर्जेंटिनाजवळ, ला प्लाताच्या मुखातून अटलांटिकमध्ये पोचतं. दोन्हीकडे कारण एकच, उंच कड समुद्राकडे आणि उतार आत. मी तर वर्गात या दोन नद्या शेजारी शेजारी काढायला लावत असे. ज्या मुलांनी त्या एकदा हाताने काढल्या, त्यांनी पुन्हा तिएतेला भारतात आणल्याचं मला आठवत नाही.

यातून तुझा मूळ प्रश्न, गोंधळाचा, बराचसा सुटतो. वही आडवी धर. प्रत्येक धड्याला समोरासमोरची दोन पानं, डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील. त्यावर उत्तरं लिहायची नाहीत. दोन्ही देशांचे आराखडे हाताने काढायचे, कितीही वाकडे आले तरी चालतील, आणि त्या धड्यातलं जे जे नकाशावर बसतं ते बसवायचं. भारतातून कर्कवृत्त जातं, ब्राझीलच्या उत्तरेतून विषुववृत्त आणि दक्षिणेतून, साओ पावलोच्या जवळून, मकरवृत्त. एवढ्या तीन रेषा आधी मार. मग ब्राझीलमध्ये नाताळ ऐन उन्हाळ्यात का येतो, तिथे हिमवर्षाव नेहमी का होत नाही, हे त्या रेषांकडे बघूनच सांगता येतं. वेळेचं गणितही असंच, एका रेखांशाला चार मिनिटं. आपली प्रमाण वेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशाची. ब्राझीलची प्रमाण वेळ आपल्यापेक्षा ८ तास ३० मिनिटं मागे आहे, म्हणजे तू संध्याकाळी साडेसहाला दिवा लावतेस तेव्हा ब्राझिलियात सकाळचे दहा वाजलेले असतात.

आकडे. मुलं आकड्यांच्या मागे लागून थकतात, आणि भूगोलाचं मातेरं तिथेच होतं. मोजके आकडे धर आणि बाकीचे त्यांतून काढ. ब्राझील क्षेत्रफळाने भारताच्या अडीचपटीहून थोडा मोठा आहे. भारताची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी होती, ब्राझीलची २०१० मध्ये १९ कोटींच्या आसपास, म्हणजे सहावा हिस्सा. मग लोकसंख्येची घनता साधारण सोळावा हिस्सा यायला हवी, हे तोंडी करता येतं. भारताची घनता ३८२, तिथली बावीस-तेवीस. जुळलं की नाही? आणि आकडा दिसला की त्याला कारण विचार. २०११ मध्ये महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात मात्र १,१२२. तिथे मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे. कोकणातला कर्ता पुरुष मुंबईला कामाला असतो, गावात मागे राहतात बायका. हा आकडा तू आता विसरून दाखव.

आता मार्कांचं बोलू, नाहीतर बाबा म्हणतील बाई गप्पाच मारतात. ४० गुणांच्या पेपरात नकाशाला ८ आहेत, चार आराखड्यात भरायला आणि चार दिलेला नकाशा वाचायला. आलेखाला ६. म्हणजे १४ गुणांना पाठांतर शून्य लागतं आणि ॲटलास घेऊन बसायची सवय असणाऱ्या मुलीचे ते हक्काचे आहेत. ते कसे जातात, तेही ऐक. सूची द्यायची राहते. आलेखाला शीर्षक नसतं, अक्षांवर काय आहे ते लिहिलेलं नसतं, प्रमाण लिहायचं राहतं. नकाशात शहराचा ठिपका समुद्रात पडतो. आणि दरवर्षी कोणीतरी नकाशाचा आराखडा पुरवणीला न बांधताच घरी घेऊन जातं! पेन्सिलीला टोक काढून ठेव, स्टेन्सिल न्यायला परवानगी असते ती ने, आणि नकाशा बांधल्याशिवाय बाकावरून उठू नकोस.

‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नाला ६ गुण. इथे तुमचं फळ्यावरचं उत्तर सगळ्यात जास्त फसवतं. समजा, विधान आहे: ब्राझीलच्या उच्चभूमीच्या ईशान्य भागात पाऊस खूप कमी पडतो. तू बहुधा लिहिलं असशील, ‘कारण तो पर्जन्यछायेचा प्रदेश आहे.’ हे चूक नाही, पण हे कारण नव्हे, नाव आहे. परीक्षक एक गुण देतो आणि पुढे जातो. त्याऐवजी तीन पायऱ्या लिही. वारे कुठून येतात आणि काय घेऊन येतात: पूर्वीय वारे अटलांटिकवरून बाष्प आणतात. त्यांचं वाटेत काय होतं: अजस्र कड्याला अडून किनाऱ्याच्या बाजूला प्रतिरोध पाऊस पडतो. मग काय उरतं: कडा ओलांडेपर्यंत बाष्प कमी झालेलं असतं, म्हणून ईशान्य उच्चभूमी पर्जन्यछायेत येते. तीन वाक्यं, तीन गुण. शेजारी वाऱ्याचा बाण आणि कडा दाखवणारी बोटभर आकृती काढलीस तर वाचणाऱ्याचं काम सोपं होतं. वही तपासणाऱ्यापुढे ढीग असतो, हे लक्षात ठेव.

सरावासाठी अशी विधानं तू स्वतः तयार कर, पण बार्शीची. लातूरपर्यंतची छोटी रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. पहिला टप्पा बार्शीचाच का? बाजारपेठ कुठे वसते, वाट कुठून जाते, बालाघाटाच्या पायथ्याचं गाव असल्याने काय होतं? आजोबांना, आडत दुकानातल्या जुन्या माणसांना विचार. क्षेत्रभेटीच्या धड्यात प्रश्नावली करायला सांगितली आहे ती हीच. शाळेची सहल निघेपर्यंत थांबायची गरज नाही. शाळेच्या सहलीत भूगोल कमी आणि भेळच जास्त असते.

अभ्यासाच्या मध्ये उठून करायची एक गोष्ट सांगते. रात्री गच्चीवर जा, ध्रुवतारा शोध. हात सरळ लांब कर आणि क्षितिजापासून एकावर एक मुठी ठेव. एक मूठ साधारण दहा अंश. बार्शीत तो दोन मुठींना थोडा कमी भरेल, कारण तुमचं गाव सुमारे १८° उत्तर अक्षवृत्तावर आहे. अक्षांश म्हणजे पुस्तकातली आडवी रेघ नव्हे, हे त्या वेळी कळतं. ब्राझीलच्या बहुतेक भागातून हा तारा दिसतच नाही. परीक्षा संपल्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी अंगणात एखादी नळी उभी कर, एके दिवशी तिची सावली पार पायात येईल. आणि १४ जानेवारीला शाळेत भूगोल दिन होईल तेव्हा भाषणात कोणीतरी म्हणेलच, आजपासून उत्तरायण. ऐकून घे, तिळगूळ खा, पण सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारासच मागे फिरलेला असतो, हे तुझ्या वहीत लिहून ठेव.

उरले बाबा आणि मामा. मामांना आधी सांगते, मास्तरीण होण्यात काही वाईट नाही, मी तीच होते. पण त्यांची माहिती जुनी आहे. आज पीक किती क्षेत्रावर आहे, पूर कुठवर आला, शहर कुठे वाढतंय, हे उपग्रहाच्या चित्रांवरून बघतात. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, ही सगळी या कामाची ठिकाणं आहेत. पुण्याच्या विद्यापीठात भूगोलात एम.एस्सी. करता येतं, जिओइन्फर्मेटिक्सचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याचा, वेगळा अभ्यासक्रम आहे. स्पर्धा परीक्षांना भूगोल लागतो, ते तर मामांनाही माहीत असेल. मात्र एक खरं सांगते. नुसती बी.ए.ची पदवी घेऊन, संगणकाला हात न लावता आणि आकडेवारीला घाबरून या वाटेवर फार लांब जाता येत नाही. हवामानशास्त्राकडे जायचं असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच लागतं.

म्हणून बाबांशी भांडू नकोस. सायन्स घे म्हणतात, तर तुझं गणित बरं असताना त्यात तुझं नुकसान काही नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत भूगोल हा विषय फक्त कला शाखेची मक्तेदारी नाही, विज्ञान शाखेतही तो घेता येतो. अडचण एवढीच, की सगळी कॉलेजं विज्ञानाच्या मुलांना तो देत नाहीत, कारण शिकवायला माणूस नसतो किंवा मुलं येत नाहीत. तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरायच्या आधी बार्शीतल्या आणि गरज पडली तर सोलापुरातल्या कॉलेजात स्वतः जाऊन विचार: विज्ञान शाखेत भूगोल आहे का, प्रात्यक्षिकं खरोखर होतात का, नकाशांची खोली उघडी असते की कुलपात? बाबांना बरोबर घेऊन जा. आणि भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर स्थलनिर्देशक नकाशे मिळतात, १:५०,००० प्रमाणाचे. तुमच्या भागाचा उतरवून घे आणि बाबांसमोर टेबलावर पसर. त्यातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कुठे दाट आहेत, ओढा कुठून कुठे जातो, हे त्यांना वाचून दाखव. शेत असेल तर ते शोधायला लाव. चाळीस मार्कांचा मुद्दा त्यानंतर काढू दे.

– तुझ्या भूगोलाच्या बाई